बेस पडला की हेडलाइट मंद. ६५ एएचची बॅटरी घेऊ का?

डिचोलीकर:
नमस्कार. पेट्रोल हॅचबॅक आहे, कंपनीची ३५ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणीची क्षमता) बॅटरी, मॉडेल ३८बी२०एल. डिकीत १२ इंची सब (बेसचा मोठा स्पीकर), त्याला ५०० वॅट आरएमएसचा (सलग देता येणारी पॉवर) मोनो अँप (ॲम्प्लिफायर), दारांच्या स्पीकरना ४ × ५० वॅटचा फोर-चॅनल अँप. बेस पडला की हेडलाइट मंद होतात. दुकानदार म्हणतो, ६५ एएचची एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली सीलबंद बॅटरी) टाका. चवथीला अंगणात इंजिन बंद ठेवून आरत्या आणि भजनं लावतो, तेव्हाही पुरायला हवी. घेऊ का?

वायरिंगवाला, फोंडा:
दादा, पैसे अजून भरू नका. इंजिन चालू असताना तुमचं सगळं अल्टरनेटरवर चालतं.

मोनो अँप क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा प्रकार) असेल तर ५०० वॅट द्यायला सव्वासहाशे खेचतो. फोर-चॅनल क्लास एबी (जास्त वीज उष्णतेत घालवणारा) धरला तर त्याचे सव्वातीनशे. साडेतेरा व्होल्टला ते झाले ७० अँपिअर. गाण्याची सरासरी मागणी याच्या बरीच खाली असते, पण ठोका पडतो त्या क्षणी एवढं लागतं. छोट्या गाडीचा अल्टरनेटर ७०-८० अँपिअरचा, आयडलला त्याहून पुष्कळ कमी. पावसात रात्री चोर्ला घाट चढताना एसी, वायपर, दिवे यांतच २५-३० जातात. मोठी बॅटरी चार ठोके सांभाळून घेईल, पण तिला परत भरणार अल्टरनेटरच.

आधी मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, बेस जोरात. बॅटरीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट आणि अँपच्या टर्मिनलवर किती, दोन्ही आकडे इथे टाका.

म्हापसेकर:
डिकीत दुसरी बॅटरी टाका, माझ्याकडे मस्त चालते.

वायरिंगवाला, फोंडा:
चालते, पण आयसोलेटर (इंजिन बंद असताना दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच) हवा आणि केबलच्या दोन्ही टोकांना फ्यूज हवा. आणि साधी पाण्याची बॅटरी डिकीत कधीच नको, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिथे सीलबंद एजीएमच. यांच्या ७०० वॅटला एवढा खटाटोप लागू नये.

डिचोलीकर:
मोजलं. बॅटरीवर १४.१, अँपवर बेस पडताना १२.८. अँपची अर्थ (निगेटिव्ह) वायर डिकीतल्या एका बोल्टवर आहे, खाली रंग तसाच दिसतो.

वायरिंगवाला, फोंडा:
मग बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक. सव्वा व्होल्ट वाटेत खर्च होतोय. अर्धा व्होल्ट गेला तरी मी वायर तपासतो.

बोल्टखालचा रंग पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) चांगला क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, घट्ट आवळा, मग वरून ग्रीस. आपल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं एका पावसाळ्यात हिरवं पडतं. पॉवर केबल कापून बघा, आत चंदेरी दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असण्याची शक्यता जास्त. ती काढा, निखळ तांब्याची ४ गेज घाला, आणि बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत फ्यूज. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असेल तर अँपचा अर्थ थेट त्या खांबावर नेऊ नका, बॉडीवरच ठेवा. नाहीतर गाडीला बॅटरीचा हिशेब चुकीचा कळतो.

आता चवथीचं. इंजिन बंद असताना मात्र सगळं बॅटरीवर. मध्यम आवाजात सरासरी १५ अँपिअर धरा. ३५ एएचमधले निम्मेच वापरायचे, म्हणजे नवी असली तरी तासाभरात थांबायचं. साधी स्टार्टिंग बॅटरी वारंवार खोल उतरवली की लवकर मरते. एजीएम ते बरंच सोसते, पण बॉनेटखालची उष्णता तिलाही खाते. शिवाय ६५चा डबा तुमच्या ट्रेत बसणार नाही: ३८बी२०एलमधले २० म्हणजे लांबी सेंटीमीटरमध्ये, एल म्हणजे टर्मिनलची बाजू. वर्षातून ते चार-पाच दिवस असतील तर घरातून चार्जर ओढा आणि गाणी लावा, तेवढ्यासाठी एजीएम नको.

पुढे बॅटरी बदलायची वेळ आली तर दुकानातच मीटर लावा. १२.६ हवेत. १२.४च्या खाली दाखवली तर ती बराच काळ पडून आहे, दुसरी मागा.