ट्रॅकसूटच्या ब्रँडला ग्रीक देवाचं नाव द्यायचंय

जालना_ट्रॅक:
जालन्यात ट्रॅकसूट अन् टी-शर्टचा ब्रँड सुरू करायलोय. गिऱ्हाईक म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणारी लेकरं. नाइकी जशी विजयाची देवी, तसं ग्रीक नाव पाहिजे. हर्मीस, टायटन, अटालांटा यांतलं एक घ्यावं म्हणतोय. देवांची नावं काही कुणाच्या मालकीची नसतात, मग नोंदणीला काय अडेल?

मार्कावाला:
देवावर मालकी नसते, चिन्हावर (ट्रेडमार्कवर) असते. हर्मीस सोडूनच द्या. पॅरिसची कंपनी १८३७ची; नाव देवावरून नाही, संस्थापक थिएरी एर्मेस यांच्या आडनावावरून. पण इंग्रजी स्पेलिंग जवळपास तेच, अन् कपडे त्यांचेही आहेत. टायटनही नको. तुम्ही घड्याळं विकत नसलात तरी एवढ्या नामांकित चिन्हाला दुसऱ्या वर्गातही संरक्षण मिळू शकतं (ट्रेडमार्क कायदा, कलम ११).

अटालांटा बघण्यासारखं. तिला धावण्यात कुणी हरवत नव्हतं. वाटेत टाकलेली सोन्याची सफरचंदं उचलायला थांबली अन् शर्यत गेली. (१६०० मीटरवाल्यांना एवढा भाग सांगू नका.)

आधी आयपी इंडियाच्या (सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या) साइटवर वर्ग २५ मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात शोधा, फुकट आहे. नुसतं वर्डमार्क (लिहिलेलं नाव) बघून थांबू नका, फोनेटिकही (सारख्या उच्चाराची नावं) बघा. अटलांटा शहराच्या नावाचं काही आडवं आलं तर तिथंच दिसेल. मग नोंदणीचा अर्ज, फॉर्म टीएम-ए. व्यक्ती किंवा उद्यम नोंदणीवाला लघुउद्योग असेल तर ऑनलाइन दर वर्गाला ४,५०० रुपये, कंपनीला ९,०००. विक्री सुरू नसेल तर तसंच लिहा. नाव वापरात असल्याची मागची तारीख टाकली की बिलांसह प्रतिज्ञापत्र मागतात. कार्यालय अर्ज तपासून परीक्षण अहवाल देतं, त्याला ३० दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. अन् नोंदणीआधी वर्तुळातला 'आर' छापणं गुन्हा आहे, 'टीएम' चालतं.

सुईदोरा:
लोगो भरतकामात करणार असाल तर त्यात पंखवाली देवी घेऊ नका. छातीवरची जागा जेमतेम ८ सेंमी. १ मिमीपेक्षा बारीक रेघ दोऱ्यात दिसत नाही, पिसांचा नुसता गठ्ठा होतो. ड्रायफिट कापड टाके दाट पडले की आकसतं, म्हणून मागं कट-अवे बॅकिंग (भरतकामामागं कायम राहणारं अस्तर) लावा. नाइकीनं १९७१ मध्ये देवी काढलीच नाही, एक वळणदार रेघ घेतली. स्टारबक्सची दोन शेपट्यांची सायरनही दर बदलात सोपी होत गेली.

तेरणाकाठ:
ग्रीकच पाहिजे तर 'तगर' घ्या की! पेरिप्लस या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर सांगितलंय, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून भडोच बंदराला काय जायचं? कापड.

मार्कावाला:
तगर झकास. गावाचं चालू नाव घेतलं तर कलम ९ खाली ठिकाणदर्शक म्हणून आक्षेप येतो. जुन्या नावाला तो धोका कमी, पण आहेच. नाव अन् लोगो यांचे अर्ज वेगवेगळे करा, उद्या लोगो बदलला तरी नाव हातात राहतं.