मदत हवी आहे: मुलांना शेंगेनचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळेल का?

आम्ही चौघे (मुलं 6 आणि 10 वर्षांची, सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय) एप्रिलमध्ये निघतोय. स्पेन 24 दिवस, फ्रान्स 16, इटली 34. मग इटलीतल्या बारीहून रात्रीच्या फेरीबोटीने ड्युरेस, अल्बानियात 21 दिवस आणि सारांदाहून कोर्फूमार्गे ग्रीसमध्ये 12.

शेंगेनचे (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांतले; अल्बानिया त्यात नाही) दिवस भरतात 86, म्हणजे 90/180 मध्ये (कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90) बसतंय. अल्बानियामुळे मोजणी शून्यावर येत नाही, ते माहीत आहे. अडचण वेगळीच आहे: पहिली आणि शेवटची तारीख धरून व्हिसा किमान 107 दिवस वैध हवा, आणि ग्रीससाठी दुसरी एन्ट्री हवीच. अल्बानियालाही एकदा वापरलेला मल्टिपल एन्ट्री शेंगेन व्हिसा चालतो, सिंगल नाही.

मागच्या तीन वर्षांत आम्हा दोघांचे दोन-दोन शेंगेन व्हिसे वापरून झालेत, त्यामुळे आमची फारशी काळजी नाही. मुलांचा मात्र पहिलाच अर्ज. सर्वांत जास्त मुक्काम इटलीत, म्हणून अर्ज मुंबईतून इटलीकडेच करणार. व्हिसा अर्ज केंद्रात विचारलं, तर ‘निर्णय वकिलातीचा’ एवढंच उत्तर मिळालं. विमा सर्व दिवसांचा, 30,000 युरोंचा घेतोय. विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, पण ग्रीस गाळायचं नाही.

पहिल्याच अर्जात मुलांना आई-वडिलांइतक्या मुदतीचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा कुणाला मिळालाय का? कव्हर लेटरसोबत नेमकं काय जोडलं होतं: फेरीबोटीची बुकिंग, अल्बानियातल्या मुक्कामाचे पुरावे, की आणखी काही?