मदत हवी आहे: गोल्डफिशच्या टाकीत वाळूतून उगवलेली ही खरखरीत वनस्पती कोणती?

नमस्कार मंडळी,

मी पाचोऱ्याला राहते. घरी दोन फुटी काचेची टाकी आहे, पाणी साधारण 60 लिटर, आणि त्यात मुलाचे दोन गोल्डफिश. दिवाळीत माहेरी भडगावला गेलो तेव्हा त्याने गिरणेच्या पात्रातून दोन मुठी वाळू आणली आणि हट्टाने टाकीत पसरली. मी ती चार पाण्यांनी धुऊन दोन दिवस गच्चीवर उन्हात वाळवली होती. तरी संक्रांतीनंतर त्यातून हिरवे दोरे वर यायला लागले. आता होळी आली आणि टाकीचा एक कोपरा गच्च भरलाय. दुकानातून रोप आणलेलं नाही. मागे एकदा आणलं होतं, ते माशांनी आठ दिवसांत कुरतडून संपवलं. याला मात्र तोंडही लावत नाहीत.

फोटो धड येत नाहीये, म्हणून जमेल तेवढं वर्णन करते. देठ स्वेटरच्या सुईपेक्षा बारीक. दर दोन-अडीच सेंटीमीटरवर एक कडं, आणि त्या कड्यावर सहा-आठ काड्या छत्रीच्या तारांसारख्या गोल पसरलेल्या. पान म्हणावं असं काहीच नाही. खाली वाळूत पांढरे, केसासारखे धागे आहेत, ओढले की सहज निघतात. बोटांत चोळलं तर ओली रांगोळी चोळल्यासारखं कचकच लागतं. एक काडी खिडकीत वाळायला ठेवली, ती दुसऱ्या दिवशी राखाडी-पांढरी झाली आणि हात लावताच तिचा भुगा झाला.

आधी हायड्रिला वाटली. पण तिची पानं चपटी, दातेरी कडांची असतात. दुसरी शंका सेराटोफायलमची होती. त्याच्या काड्यांना टोकाकडे फाटे फुटतात आणि त्याला मुळं नसतात. इथे फाटे नाहीत, आणि खाली धाग्यांची पकड आहे.

काल खरी काळजी लागली. काड्यांच्या सांध्यांवर खसखशीपेक्षाही बारीक, शेंदरी रंगाचे ठिपके दिसले. गोगलगायीची अंडी म्हणावीत तर ती चिकट पारदर्शक थरात असतात. दुसरी धास्ती युट्रिक्युलारियाची वाटली. पाण्यातली ही वनस्पती बारीक फुग्यांत जीव ओढून घेते, नुकती जन्मलेली पिल्लंसुद्धा अडकू शकतात. सासूबाई म्हणतात, "हाई ते शेवाय शे, फेकी दे." मुलगा रडवेला झालाय, कारण त्याच्या लेखी ते आजोळच्या नदीचं आहे. ओळख पटल्याशिवाय मला ते उपटायचं नाही. पाणी बोअरचं आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारं. कोणाला ओळखता येईल का?

भर (दुसऱ्या दिवशी):

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्यापैकी एकाने काडी चुरगळून वास घ्यायला सांगितलं. घेतला, आणि ठेचलेल्या लसणासारखा उग्र वास आला! दुसऱ्याने सुचवल्याप्रमाणे वाळलेल्या काडीवर लिंबाचे दोन थेंब पिळले, तर बारीक बुडबुडे फसफसले. म्हणजे वरचं खरखरीत कवच चुन्याचंच. शेंदरी ठिपके हे तिचे नर अवयव निघाले. म्हणजे ही कारा. सासूबाईंचं बरोबर होतं, हे शैवालच. अकरावीच्या जीवशास्त्रात हिरव्या शैवालांच्या यादीत नाव पाठ केलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दोन कड्यांमधल्या नळीत आत लांबच लांब एकच पेशी असते, हे वाचून मी आणि मुलगा भिंग घेऊन तासभर टाकीसमोर बसलो होतो.

आता वाळू वाळवूनही ती कशी उगवली तेही कळलं. तिचे बीजाणू टणक असतात, कोरड्या गाळातही वर्षानुवर्षं टिकतात. आणि आमचं चुनखडीचं पाणी तिला मानवलंच असणार.

उरलेला प्रश्न मे महिन्याचा आहे. इथे पारा 44-45 ला जातो, गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, त्यात रात्री वीज गेली की एअर पंप बंद. दिवसा कारा प्राणवायू सोडेल, पण रात्री तीही घेणारच. मग आत्ताच निम्मी काढून टाकू, की एप्रिलपर्यंत राहू देऊ? गोल्डफिशच्या टाकीत तिच्यासोबत उन्हाळा काढलेल्या कोणी सांगितलं तर फार बरं होईल. तोवर फिल्टरच्या तोंडाशी आलेल्या चार काड्या तेवढ्या कापल्यात.