घरी डर्मारोलर वापरू का? पिंपल्सचे खड्डे आहेत

रानजाई
नमस्कार मंडळी, गालांवर पिंपल्सचे जुने खड्डे आहेत, कॉलेजात असताना चेहरा भरून आले होते तेव्हाचे. आता महिन्याला हनुवटीवर एखाद-दुसरा येतो तेवढंच. डर्मारोलर, म्हणजे चेहऱ्यावर फिरवायचा बारीक सुयांचा रोलर मागवलाय, १ एमएम लांबीच्या सुयांचा, कारण सगळीकडे हेच वाचलं की छोट्या सुयांनी खड्ड्यांना काही होत नाही. पण पाकीट हातात आल्यावर धीर होत नाहीये. कुणी घरी केलंय का, खरंच फरक पडतो का? रंग सावळा आहे, साध्या पिंपलचा डागसुद्धा माझ्याकडे चार-चार महिने मुक्काम ठोकतो.

चाफेकळी
पाकीट फोडलं नसशील तर फोडू नकोस गं. मी पण १ एमएमचाच घेतला होता. चांगला दाबून फिरवला, रक्ताचे बारीक ठिपके आले तर मला वाटलं वा, काम होतंय. त्यावर लगेच व्हिटॅमिन सी सीरम चोपडलं आणि अशी आग झाली की पंख्यासमोर बसून रडले. लाली तीन दिवसांत उतरली म्हणून निश्चिंत झाले, तर दहा-बारा दिवसांनी गालांवर तपकिरी रेघा उमटायला लागल्या, रोलर जसा फिरला होता अगदी तशाच, आडव्या-उभ्या. जायला सात महिने लागले आणि खड्डे आहेत तिथेच आहेत. तुझे डाग आधीच इतके रेंगाळतात म्हणतेस म्हणून जास्त काळजी वाटतेय.

माळरान
मी ०.२५ एमएम वर्षभर वापरला, पंधरा दिवसांतून एकदा. त्रास काही नाही, सीरम छान मुरायचं, चेहरा दोन दिवस तजेलदार वाटायचा. खड्ड्यांवर शून्य परिणाम.

निशिगंध
मी स्किनच्या ओपीडीत नर्स आहे, जरा सविस्तर लिहिते. सुई टोचली की शरीराला ती जखमच वाटते, रक्तातल्या प्लेटलेट्स ग्रोथ फॅक्टर्स (जखम भरायला लावणारे पदार्थ) सोडतात, मग तिथे नवीन कोलाजेन (त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार होतं आणि खड्डा हळूहळू भरायला लागतो. हळूहळू म्हणजे ३ ते ६ महिने, तेही बऱ्याच सिटिंग्जनंतर. पण खड्डा असतो खालच्या थरात. ०.२५ची सुई तिथे पोचतच नाही, म्हणून माळरान यांना सीरम मुरण्याचा फायदा झाला आणि खड्डे तसेच राहिले. पोचायला १ ते दीड एमएम किंवा त्याहून जास्त लागते आणि तिथे भूल देणारं क्रीम, निर्जंतुक सुया, कुठे किती खोल जायचं याचा अंदाज हे सगळं आलं. त्यात रोलरची सुई तिरकी आत जाते आणि बाहेर येताना त्वचा उचकटते, बोथट झाली असेल तर फाडतेच. डॉक्टरांकडे याच कामासाठी पेनसारखं यंत्र असतं, त्याची सुई सरळ वर-खाली होते.

चाफेकळी, सावळ्या त्वचेत जखम झाली की मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) जास्त बनतं, तुझ्या रेघा त्याच्याच. आणि टोचलेल्या त्वचेवर व्हिटॅमिन सी कधीच लावायचं नाही, वरवर लावायच्या गोष्टी आत शिरल्या की काहींना गाठीसुद्धा आल्या आहेत.

रानजाई, हनुवटीवर जिवंत पिंपल असेल तर त्यावरून रोलर फिरवणं म्हणजे जंतू चेहराभर पेरणं. ओठांवर नागीण उठत असेल, जखमेची गाठ होण्याची सवय असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या किंवा आयसोट्रेटिनॉइन (पिंपल्सवरची गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

एक करून बघ. खिडकीजवळ आरसा धर, उजेड बाजूने येऊ दे आणि बोटांनी गाल हलकेच ताण. जे खड्डे ताणल्यावर गायब होतात ते नीडलिंगला, म्हणजे या सुया टोचण्याच्या उपचाराला, बऱ्यापैकी दाद देतात. सुईने भोक पाडल्यासारखे अरुंद आणि खोल असतात त्यांना सहसा फारसा फरक पडत नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर अॅसिडचा ठिपका देतात.

रानजाई
आत्ताच बघितलं! डाव्या गालावरचे चार-पाच ताणल्यावर दिसेनासे झाले, नाकाजवळचे मात्र तसेच. इतकी वर्षं मी सगळ्यांना एकच समजत होते. १ एमएमवाला परत पाठवतेय, डॉक्टरांची वेळ घेते. चाफेकळी, खूप आभार, सात महिने काय काढले असतील कल्पना येते. फक्त बहीण म्हणतेय ०.२५ घेऊन दोघीत एक वापरू, चालेल का?

निशिगंध
अजिबात नाही. रक्त डोळ्यांना दिसलं नाही तरी सुईला लागलेलं असू शकतं, हेपॅटायटिस बी तेवढ्यानेही पसरतो, सख्खी बहीण असली तरी. तिला हवा असेल तर तिचा वेगळा घेऊ दे. चेहरा स्वच्छ धुवून, रोलर आधी आणि नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचा, दाब न देता फिरवायचा, नंतर फक्त साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. रेटिनॉल वापरत असेल तर काही दिवस आधीपासून बंद. दुसऱ्या दिवसापासून सनस्क्रीन न चुकता. एखादी सुई वाकलेली दिसली की रोलर सरळ टाकून द्यायचा.