भावाला आतड्याचा कॅन्सर निघाला, आमचे डॉक्टर म्हणतात तुला तपासायची गरज नाही. ऐकावं का?

घोडबंदर_४१
नमस्कार मंडळी, ठाण्यात राहतो, वय ४१. मोठ्या भावाला गेल्या वर्षी रेक्टमचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) कॅन्सर निघाला, तेव्हा तो ४६ चा होता. ऑपरेशन, किमो सगळं झालं, आता बरा आहे. मला स्वतःला काहीच त्रास नाही, पण डोक्यातून विषय जात नाही म्हणून नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं की मी पण तपासून घेऊ का. लहानपणापासून त्यांच्याकडेच जातो, माणूस देव आहे. ते म्हणाले, "रक्त पडतं का? नाही. पोट साफ होतं ना? मग कशाला दुर्बीण घालून घेतोस, नसता ताप." विषय संपला.

आणि तिकडे मावशी इंग्लंडला असते, तिला दर दोन वर्षांनी घरी पोस्टाने किट येतं, काडीला थोडी शी लावायची, बाटलीत बुडवायची आणि पोस्टात टाकायची, डॉक्टरकडे जायचंही नाही. मग आपल्याकडचे डॉक्टर एवढे थंड का? माहिती नसते म्हणून, की आपल्याला खरंच गरज नाही म्हणून? कोणी डॉक्टर असतील तर प्लीज सांगा.

जीपी_कोपरखैरणे
मी जनरल प्रॅक्टिस करतो त्यामुळे आतून सांगतो. तुमच्या डॉक्टरांना वाईट म्हणू नका पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका.

आधी आम्ही असे का वागतो ते सांगतो. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा बरंच कमी आहे आणि सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर ज्या कॅन्सरची तपासणी करायची ते तीनच, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा. आतड्याचा त्यात नाही. म्हणजे कोणाला, कोणत्या वयात, कुठे पाठवायचं याचा कागदच आमच्यापुढे नसतो. इंग्लंडमध्ये २००६ पासून सरकारच ५०-७४ वाल्यांना बोलावतं (सुरुवातीला वयोगट लहान होता), अमेरिकेत २०२१ पासून ४५ ला सुरू करा म्हणतात. आमच्याकडे संध्याकाळची ओपीडी, बाहेर बाकावर रांग, तापाचा पेशंट समोर, त्यात धडधाकट माणसाला शीचा नमुना द्या म्हटलं तर तो आधी चेहऱ्याकडे बघतो आणि मग म्हणतो डॉक्टर मला काय झालंय. शिवाय नमुन्यात रक्त निघालं तर पुढे कोलोनोस्कोपी (दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघणं) करावीच लागते, नाहीतर त्या टेस्टला अर्थच नाही, आणि तो खर्च कोण करणार हे माहीत असल्यावर तोंडातून शब्द निघत नाही. हे खरं कारण आहे, अज्ञान त्यामानाने कमी.

पण हे झालं सर्वसाधारण माणसाचं. सख्ख्या भावाला साठीच्या आत कॅन्सर झालाय म्हणजे तुम्ही त्या गटातच नाही. तुमच्यासाठी नियम असा की चाळीशीला, किंवा भावाला ज्या वयात निघाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, आणि नॉर्मल आली तरी दर पाच वर्षांनी. ४६ वजा दहा म्हणजे ३६. तुम्ही ४१ चे, म्हणजे उशीरच झालाय. शीच्या टेस्टवर भागवू नका, थेट गॅस्ट्रोकडे (पोटविकार तज्ज्ञाकडे) जा आणि भावाचा बायोप्सी रिपोर्ट सोबत न्या. त्यात एमएमआर (गाठीतली डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं) तपासलंय का ते विचारा, लिंच सिंड्रोम नावाचा घराण्यात चालणारा प्रकार असतो त्याचा अंदाज त्यावरून येतो, आणि तो निघाला तर तपासण्या याहून लवकर आणि जास्त वेळा कराव्या लागतात.

वाशीकर_स्पष्ट
डॉक्टरसाहेब राग मानू नका, पण मला तर यांचे डॉक्टर आवडले. आजकाल गुडघा दुखला तरी एमआरआय लिहून देतात आणि त्यात कट (कमिशन) असतो हे सगळ्यांना माहितीय. जो डॉक्टर गरज नाही म्हणतो तो निदान प्रामाणिक तरी आहे.

जीपी_कोपरखैरणे
@वाशीकर_स्पष्ट राग कसला, हे दुखणं खरं आहे. कट न घेणारे जे आहेत ना, तेच महागडी तपासणी सुचवताना सगळ्यात जास्त कचरतात, कारण पेशंट मनात काय म्हणेल ते त्यांना माहीत असतं. पण त्यात नुकसान पेशंटचंच होतं. नॉर्वे, पोलंड, स्वीडनमधला एक मोठा अभ्यास २०२२ ला आला, तिथे लोकांना कोलोनोस्कोपीचं आमंत्रण दिलं तर आले फक्त ४२ टक्के, तरीसुद्धा दहा वर्षांत आमंत्रण दिलेल्या गटात कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी. म्हणजे लोक तिकडेही टाळतात. ते तयार होतात कशाने, तर ओळखीच्या डॉक्टरने स्वतः "करून घ्या" म्हटल्यावर. तेवढं एक वाक्य आमच्या हातात आहे आणि ते आम्ही बोलत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

सिस्टर_कळवा
मी नर्स आहे, मला दुसरीच गोष्ट सांगायचीय. त्रास नसताना करायचं स्क्रीनिंग राहू दे, ज्यांना रक्त पडतंय त्यांचं तरी नीट बघा. संडासवाटे रक्त म्हटलं की मूळव्याध, हे पेशंटने पण ठरवलेलं असतं आणि डॉक्टरने पण. मेडिकलवाल्याकडून मलम घेतात, स्टेशनबाहेर बोर्ड वाचून कुठेतरी जातात, असे महिनेच्या महिने जातात. बोट घालून तपासणी दोन मिनिटांची असते, रेक्टममधल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. पण छोट्या दवाखान्यात जागा कुठे असते, पडद्यामागचं टेबल सॅम्पलच्या खोक्यांनी भरलेलं, बाईमाणूस असेल तर सोबत बाई हवी ती नसते, म्हणून मग राहूनच जातं. आणि पन्नाशीतल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन आठ आलं की आयर्नच्या गोळ्या देऊन घरी पाठवतात, अहो पुरुषाचं रक्त जातंय कुठे ते आधी शोधा ना! पाळी गेलेल्या बाईचंही तेच.

नेरुळ_मानसी
दादा, दुर्बिणीला घाबरू नका. माझ्या बाबांची मागच्या वर्षी झाली. खरा त्रास आदल्या दिवशीचा, ती पावडर पाण्यात कालवून लिटरच्या लिटर प्यायची, खारट गोडूस लागते, बाबा गार करून प्यायले मग गेली, आणि रात्रभर बाथरूमच्या जवळच राहायचं. तपासणीत त्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, काही कळलं नाही. एक पॉलिप (आतड्याच्या आत वाढलेला कोंब) निघाला तो तिथल्या तिथे कापून काढला. डॉक्टर म्हणाले अशा पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून आत्ता काढलेला बरा.

घोडबंदर_४१
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाचा रिपोर्ट घेऊन परत आमच्या डॉक्टरांकडे गेलो, वय आणि साठीच्या आतला नियम सांगितला. त्यांनी रिपोर्ट पूर्ण वाचला, म्हणाले भावाचं वय मला माहीत नव्हतं, आणि लगेच गॅस्ट्रोला चिठ्ठी लिहून दिली. पुढच्या आठवड्याची वेळ मिळालीय. एमएमआर केलेलं नाही, त्यासाठी गाठीचा जपून ठेवलेला तुकडा (ब्लॉक) परत मागवायला सांगितलाय.
अजून एक, बहीण पनवेलला असते, ३८ ची आहे, तिला पण हेच लागू?

जीपी_कोपरखैरणे
हो, तिलाही ३६ चाच हिशोब, बाई आहे म्हणून वेगळं काही नाही. आणि आईवडील असतील तर त्यांचंही विचारा, त्यांची कधीच झाली नसेल.