मदत हवी आहे: सोलापुरात दोन दिवस, वर पाऊस. दिवसा करण्यासारखं काहीतरी वेगळं सुचवा

खाडीपलीकडचा
नमस्कार मंडळी. सोलापूरला येतोय, दोन दिवस. हवामानाचं अ‍ॅप दोन्ही दिवस ढग आणि विजा दाखवतंय. कुठेही शोधलं की तीच यादी येते: सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर. देवळं नकोत, मॉल नको, "हॉटेलात आराम करा" तर अजिबात नको. दिवसा करता येईल आणि भिजत बसावं लागणार नाही असं काय आहे? रात्रीचं काही सांगू नका, रात्री आम्ही बाहेर पडणार नाही. लवकर सांगा प्लीज, तिकिटं काढून झालीत.

सातरस्ता
कधी येताय? कोण कोण आहात? गाडी आहे का? उतरणार कुठं? एवढं तरी लिहा की ओ. जुलैचा पाऊस वेगळा, सप्टेंबरचा वेगळा. जुलैत आमच्याकडं भुरभुर, तीही आली तर आली. सप्टेंबरात दुपारपर्यंत चटके बसतात आणि संध्याकाळी आभाळ फाटतं. अ‍ॅप मात्र दिवसभराला मिळून एकच ढग काढून मोकळं होतं. बाहेरचं सगळं दुपारी दोनच्या आत उरकायचं आणि मग छप्पर गाठायचं, हा इथला हिशोब.

बोरीकाठ
नळदुर्ग. बाकी काही बघू नका. सोलापूरपासून हैदराबाद रोडनं ५० किमीच्या आसपास. किल्ल्यात बोरी नदीवर धरणाची भिंत आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली, आणि त्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल. पाणी चढलं की भिंतीवरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. तुम्ही आत सज्जात उभे राहायचं, पाणी डोक्यावरून जाऊन डोळ्यांसमोर पडतं. उन्हाळ्यात जाऊन आलेले लोक "भिंत बघितली" म्हणून सांगतात. ही जागा पावसातच बघायची. लोक पाऊस आहे म्हणून जात नाहीत, ह्याला काय म्हणावं.

जुळेसोलापूरची_मामी
अक्कलकोटला जाणार असाल तर गुरुवार टाळा, रांग फार लांब असते. अन्नछत्रात प्रसाद घेतल्याशिवाय परत येऊ नका.

खाडीपलीकडचा
मामी, देवळं नकोत असं वर लिहिलंय.
गणपती झाल्यावरचा शनिवार-रविवार आहे. गाडी नाही, सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं शनिवारी सकाळी उतरणार आणि रविवारी रात्री त्याच गाडीनं परत. हॉटेल एकाच रात्रीचं आहे.

सातरस्ता
म्हणजे रविवारी दुपारी बारानंतर तुम्ही बॅगा घेऊन रस्त्यावर. ते आधी सोडवा. हॉटेलवाल्याला म्हणा, सामान संध्याकाळपर्यंत काउंटरमागं राहू दे. नीट विचारलं तर ठेवतात. आणि कोण कोण, ते अजून सांगितलं नाहीत.

पूर्वभाग
पाऊस असो नसो, आमच्याकडं माग चालूच असतात. अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ, नीलम नगर, अक्कलकोट रोड एमआयडीसी, कुठल्याही गल्लीत शिरा. पाटी शोधायला लागत नाही, खटखट आवाजावरून कारखाना सापडतो. टॉवेलचा माग बघू नका, चादरीचा जॅकार्ड बघा. मागाच्या डोक्यावर चौकट असते, तिथं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांब माळ फिरत असते. पुठ्ठ्याला जिथं भोक, तिथला हूक उचलला जातो आणि त्याचा धागा वर येतो, बाकीचे खालीच राहतात, मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी त्या भोकांत असतो. मग तयार चादर उलटी करून बघा. वरून लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर खालून पांढऱ्या जमिनीवर लाल. छपाईचा माल असला तर मागची बाजू फिकट दिसते, तिथंच कळतं.
जाताना एक बघा, चालू मागाजवळ ओढणी, पदर, मुलांचे हात आवरून. आणि काही विचारायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत जा, माग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.
नारळी पौर्णिमा होऊन गेली हे बरं झालं. त्या दिवशी मार्कंडेयाचा रथ निघतो, अख्खा पूर्व भाग रस्त्यावर आणि माग बंद.

उगाच_एक_प्रश्न
लोक पोटासाठी तासन् तास त्या आवाजात उभे राहतात आणि आपण ते "काहीतरी वेगळं" म्हणून बघायला जायचं? वर फोटो काढणार, स्टेटसला टाकणार. मला तरी हे पटत नाही.

पूर्वभाग
आमच्या घरात माग आहे साहेब, वडिलांपासून. कोणी बघायला आलं तर आम्ही चहा सांगतो. बघून चादर घेतली तर दोन चहा सांगतो. तुमच्या अंगावर पानिपतची नकली सोलापुरी चादर आणि काळजी माझी?

उगाच_एक_प्रश्न
तुम्हाला कसं कळलं कुठली आहे?

पूर्वभाग
किंमत सांगा, मी सांगतो.

कडक_भाकरी
चादरीवरून भांडण नको. वेगळं हवं असेल तर शेंगा चटणी कुटताना बघा. मिक्सरातली चटणी ही चटणी नाही, दाण्याचा कूट आहे. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, हे उखळात पडलं की कुटता कुटता दाण्याचं तेल सुटतं आणि चटणी मुठीत वळायला लागते. वरून तेल घालायला लागतच नाही. पावसाच्या दिवशी त्या वासातून पुढं जाऊन दाखवा.

सातरस्ता
मिक्सर थांबवत थांबवत फिरवला तर तेल सुटतं. आमच्या घरी तसंच करतात, कोणी मेलेलं नाही.

कडक_भाकरी
मेलं नाही म्हणजे चांगली झाली असं नसतं बे.

शिलालेखवेडा
देवळं नकोत म्हणालात म्हणून देऊळ सांगत नाही, शिलालेख सांगतो. विजापूर रोडनं हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा मराठी लेख आहे. जो वाचील तो विजयी होईल अशा अर्थाची ओळ आहे त्यात. शेजारी हरिहरेश्वराच्या देवळात उत्खननात निघालेलं बहुमुखी लिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली. हजार वर्षांपूर्वीचं मराठी डोळ्यांनी वाचायचं, ह्याहून वेगळं काय पाहिजे?

सातरस्ता
देवळातला शिलालेख म्हणजे देऊळच झालं ना ओ. आणि उजनी धरणातून पाणी सोडलं की संगमावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नद्या भरलेल्या असताना पाहुण्यांना तिकडं धाडू नका.

शिलालेखवेडा
नदी फुगली असेल तर जाऊ नका, हे लिहायची गरज नव्हती.

सातरस्ता
मुंबईच्या माणसाला लिहावं लागतं.

खाडीपलीकडचा
मंडळी, वाद नंतर घाला. मी, बायको, मुलगा (सातवीत) आणि माझे बाबा. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीला काठी घेऊन चालतात, पायऱ्या जमत नाहीत. मुलगा अर्ध्या तासात कंटाळतो.

बोरीकाठ
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! पाणीमहालाच्या पायऱ्या दगडी, अरुंद, आत अंधार आणि पावसात शेवाळ. बाबांना आत नेऊ नका. वर तटावर बसवा, धबधबा तिथूनही दिसतो. तुम्ही आणि मुलगा आळीपाळीनं खाली जा. पण नळदुर्ग सोडू नका.

भय्याचौक
कुठे ५० किमी नेताय त्यांना. भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे, तिथंच स्मारक केलंय. १९१० साली जन्म सोलापूरचा. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाच्या वेळी पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात हे होते. बाकीचे परतले, हे तिथंच राहिले, गुओ चिंगलान ह्या परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले. चीनचे पाहुणे ह्या घरी येऊन हात जोडून जातात आणि सोलापूरची पोरं समोरून बस पकडतात. सगळं छपराखाली आहे. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

सातरस्ता
मुलासाठी केगावचं विज्ञान केंद्र. पुणे रोडला, रिक्षा जाता-येता ठरवूनच घ्या, परतीला तिकडं मिळायची खात्री नसते. आत हात लावून करून बघायचे प्रयोग आहेत, "हात लावू नका" अशा पाट्या नाहीत. पाऊस थांबला तर बाहेरच्या बागेतही तशीच उपकरणं आहेत. सातवीतलं पोरगं अर्ध्या तासात बाहेर येणार नाही.

रानवाटा_नान्नज
माळढोक अभयारण्य कोणीच कसं सुचवलं नाही? नान्नज शहरापासून जवळ आहे. पावसानंतर माळ हिरवागार, काळविटांचे कळप दिसतात.

पूर्वभाग
माळढोक स्वतःच आता क्वचित दिसतो, आणि काळी माती ओली झाली की बुटाला अशी धरते की पाय किलोनं वाढतो. काठीवाल्या माणसाला तिथं?

खाडीपलीकडचा
नान्नज नाही जमणार. माग सुचवताय, पण बाबा स्वतः गिरणीत होते, लोअर परळला, लूम खात्यात. ८२ च्या संपापर्यंत. त्यांनी आयुष्यभर तेच बघितलं, सुट्टीत परत मागच दाखवू का?

पूर्वभाग
अहो, मग हे सगळ्यात आधी सांगायचं! जॉबर (मुकादम) होते का विणकर? त्यांना आधी विचारलंत का?

गिरणीचा_भोंगा
माझेही वडील गिरणीतले, सोलापूरच्या. इथं जुनी मिल १८७७ ची, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी विष्णू. भोंग्यावर सगळं गाव घड्याळ लावायचं. आता त्या जागेवर काय काय उभं राहिलंय ते बघून डोकं फिरतं. आणि चिमणीचं म्हणाल तर...

सातरस्ता
भोंगाभाऊ, चिमणीचा धागा वेगळा आहे. तिथं आधीच दोनशे प्रतिसाद झालेत आणि विमानतळावरून लोक एकमेकांच्या घरापर्यंत गेलेत. इथं नको.

गिरणीचा_भोंगा
ती विमानतळाच्या वादातली, साखर कारखान्याची चिमणी. मी मिलच्या चिमणीबद्दल बोलत होतो.

जुळेसोलापूरची_मामी
गणपतीनंतरचा शनिवार-रविवार म्हणजे पितृपंधरवडा लागलेला असणार. नवीन कापड घेत नाहीत त्यात. चादर बघून ठेवा, दसऱ्याला मागवा.

पूर्वभाग
मामी, धंदा बसवता काय आमचा? चादर अंथरायची असते. नेसायची नसते.

खाडीपलीकडचा
बाबांना विचारलं. म्हणाले, "पॉवरलूम असेल तर काय बघायचं, पण जॅकार्ड कुठलं आहे ते बघू." ह्याचा अर्थ हो समजतोय. पूर्वभाग, तुम्हाला वैयक्तिक निरोप टाकलाय.

शनिवारी सकाळी केगाव, दुपारी कोटणीस स्मारक. रविवारी सकाळी माग. नळदुर्ग बघू कसं जमतं.

बोरीकाठ
"बघू" म्हणजे नाही. उमरग्याकडं जाणारी एसटी नळदुर्गला थांबते, तेवढं तरी लिहून ठेवा.

हिराचंद_वाचनालयातला
पाऊस फार लागला तर हिराचंद नेमचंद वाचनालयात येऊन बसा. वर्तमानपत्रं असतात, बसायला बाक असतात, कोणी उठ म्हणत नाही. तुमच्या बाबांच्या वयाचे आम्ही बरेच जण असतो.

खाडीपलीकडचा
परत निघालो, गाडीतून लिहितोय, रेंज येतेय-जातेय.

सातरस्त्यांचा हिशोब बरोबर निघाला, दोन्ही दिवस दुपारपर्यंत थेंब नाही. विज्ञान केंद्रातून मुलाला बाहेर काढताना भांडण झालं. स्मारकात आमच्याशिवाय कोणी नव्हतं. बायकोनं तिथली पत्रं आणि फोटो सगळ्यात सावकाश बघितले, मला वाटलं नव्हतं ती एवढी रमेल.

मागाचं काय सांगू. बाबा खुर्चीवर बसले, दहा मिनिटांत उठले आणि काठी मालकाच्या हातात देऊन एका मागाजवळ जाऊन वाकले. म्हणाले, ताणा (उभे धागे) ढिला आहे ह्याचा. कामगार हसला, "काका, बीम आत्ताच बदललाय" म्हणाला. मग दोघं त्या आवाजात हातवारे करून बोलत होते. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. मुलगा पुठ्ठ्यांची भोकं मोजत बसला होता. दोन चहा झाले. चादर घेतली, मामींना सांगू नका.

चटणी घेतली, उखळातली आहे असं दुकानदार म्हणाला. चार वाजता पाऊस आला तेव्हा आम्ही वाचनालयात होतो. नळदुर्ग राहिलं.

कडक_भाकरी
मुठीत वळून बघा. सुटली तर मिक्सरची.

जुळेसोलापूरची_मामी
मी वाचते हो सगळं.

बोरीकाठ
नळदुर्ग राहिलं म्हणजे खरं काम राहिलं.

खाडीपलीकडचा
बोरीकाठ, दिवाळीत परत यायचं चाललंय, बाबांनीच काढलं. तेव्हा नर-मादी चालू असतात का?

बोरीकाठ
परतीचा पाऊस चांगला झाला आणि वरून पाणी येत राहिलं तर असतात. पाऊस लवकर आटोपला तर धार बारीक होत होत बंद पडते, मग नुसती भिंत. दसऱ्यानंतर इथंच विचारा, मी जाऊन बघून सांगतो.