घरात काय निघालं, अंगात काय निघालं

गोदाकाठची
मंडळी, दसरा झाला, पाऊस गेला असं म्हणायला आता हरकत नसावी (मागच्या वर्षी असंच म्हणून कोजागिरीचं दूध गच्चीत मांडलं आणि पातेलं उचलून सगळे खाली पळालो, म्हणून जपूनच म्हणते). दिवाळीच्या आधी घरोघरी ठोकाठोकी चालू असणार. आमच्या बिल्डिंगमध्ये तर ज्याला विचारावं त्याच्याकडे एक मिस्त्री आणि एक पेशंट आहेच. म्हणून म्हटलं, सगळ्यांनी सांगा यंदा घरात काय निघालं आणि अंगात काय निघालं. सल्ले द्या, पण आधी स्वतःचं सांगा. नुसते सल्ले देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

माझ्यापासून सुरुवात करते. नाशिकला इंदिरानगरात आमचा फ्लॅट, बेडरूमच्या कपाटामागची भिंत ओली लागत होती. कपाट सरकवायचं तर यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शर्ट घालताना ओरडायचे, रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही, आम्ही आपले बाम चोळतोय. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं आणि लगेच विचारलं, शुगर कधी तपासली होती? आठवेना. तपासली तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, ७.४, डायबेटिसच. डायबेटिसवाल्यांमध्ये हा खांदा धरण्याचं प्रमाण जास्त असतं म्हणे, आणि सुटायला वर्ष दोन वर्षंही लागतात. म्हणजे दुखत होता खांदा आणि सापडली शुगर. तिकडे कपाट शेवटी वॉचमन आणि त्याच्या मेव्हण्याने हलवलं, मागे रंगाचे पोपडे आणि पांढरे क्षार फुललेले. पलीकडच्या बाथरूमची टाइल फोडली तर आतला जुना जीआयचा लोखंडी पाइप इतका गंजलेला की प्लंबरने पान्हा लावला आणि तुकडाच हातात. सगळी लाइन सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकची, करून घेतली. आता प्लास्टर वाळेपर्यंत रंग नाही, तोवर हे त्याच भिंतीवर बोटं चालवत हात वर नेतात, फिजिओने दिलेला व्यायाम आहे. पेन्सिलने खुणा करतात, काल कुठपर्यंत गेला, आज कुठपर्यंत. मी म्हटलं रंगवाला यायच्या आत हात वर न्या, नाहीतर खुणा पुसल्या जातील.

जुना सिडकोवाला
काकू, आमच्याकडे अंगातच निघालं. डेंग्यू. आधी मोठ्या मुलाला मग मला. ताप १०३, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि कंबर अशी की पलंगावरून उठताना आईचं नाव. तापाच्या सुरुवातीलाच एनएस१ ही रक्ताची टेस्ट केली म्हणून लगेच कळलं, उशीर झाला की ती निगेटिव्ह येऊ शकते, मग आयजीएम ही दुसरी टेस्ट बघतात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, फक्त पॅरासिटामॉल, घरात पडलेली बाकी पेनकिलर अजिबात नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि एक गोष्ट आम्हाला नवीन होती, ताप उतरला की घरचे खुश होतात पण खरे जपायचे दिवस तेच, पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असलं काही दिसलं तर तडक ॲडमिट. प्लेटलेट खाली आल्या तसा फोनवर पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध.. बकरी सिडकोत कुठून आणू? डॉक्टर मात्र प्लेटलेटच्या आकड्यापेक्षा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट होतंय, तो वाढतोय का ते बघत होते, म्हणाले नुसत्या आकड्याला घाबरून प्लेटलेट चढवायच्या नसतात, पाणी किती पितोय लघवी किती होतेय ते लिहून ठेवा.

आता घराचा भाग. आम्ही सगळे गटाराला शिव्या देत होतो पण हा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. शोधलं तर गच्चीवर टाकीचा बॉलकॉक खराब, ओव्हरफ्लोचं पाणी वॉटरप्रूफिंगवाल्याने सोडून दिलेल्या ड्रमांत. त्याचं काम मे महिन्यात झालं, पैसे घेतले, ड्रम तसेच. ड्रम उपडे करून भागत नाही हेही तेव्हाच कळलं, अंडी आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पुन्हा पाणी आलं की सुरू. घासून काढावं लागतं. घासले. बॉलकॉक बदलला, टाकीला झाकण आणि खिडक्यांना जाळ्या. सांधे अजून दुखतात थोडे.

कॉलेजरोडची सून
हे मला आधीच लिहायचं होतं कारण थंडी येतेय. आमच्याकडे बाथरूममध्ये गॅस गिझर होता. मागच्या डिसेंबरात निफाडचा पारा रोज पेपरात छापून येत होता, त्या गारठ्यात सासूबाई आंघोळीला गेल्या की खिडकीची काचेची पट्टी न् पट्टी बंद करून दाराखाली फडका लावायच्या. बाहेर आल्या की डोकं दुखायचं, मळमळ, चक्कर, आणि तासाभराने एकदम ठीक. आधी वाटलं बीपी. बीपी नॉर्मल. ईसीजी नॉर्मल. उपास करतात म्हणून ॲसिडिटी असेल असंही झालं, नणंदेने फोनवरून नजर काढायला सांगितली तीही काढली. मग आमच्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, आंघोळीचं पाणी कशावर तापवता?

कार्बन मोनॉक्साइड. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि हा वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. आपल्याला वाटतं गॅस लीक झाला तर वास येईलच, पण तो वास सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, या वायूला तो नसतोच. बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध पडून तिथेच जातो. हे ऐकल्यावर मी त्याच दिवशी गिझर बंद केला, मग तो बाहेर ड्राय बाल्कनीत नेऊन बसवला, फक्त गरम पाण्याची लाइन आत. बसवणारा म्हणत होता आत असला तरी काही होत नाही मॅडम, सगळ्यांकडे आत आहे. त्याला मी चहा दिला नाही. सासूबाईंची चक्कर थांबली पण त्या अजून सांगतात की नजरेनेच उतरली.

पंचवटी_बोळातला
नजर बरी म्हणायची, आमच्याकडे नागीण निघाली. वडिलांना, डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत. आधी नुसती आग आग, आम्हाला वाटलं माळ्यावरचं सामान काढताना आवळलं असेल, मग लाल पुरळ, त्यावर पाण्याचे फोड. आणि नागीण शब्द बोळात गेला की काय होतं ते तुम्हाला माहितीये, प्रत्येक आजीकडे एक मंत्र टाकणारा. कुणी गेरू लावा, कुणी तांदूळ मंतरून आणा, आणि ते ठरलेलं वाक्य, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. स्किनचे डॉक्टर हसले. म्हणाले लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना, तोच विषाणू मज्जातंतूत झोपून राहतो, वय झालं किंवा ताकद कमी झाली की एका नसेच्या पट्ट्यात वर येतो, म्हणून तो एकाच बाजूला येतो आणि सहसा पलीकडे जातच नाही, जुळायचा प्रश्न कुठे. गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर फायदा जास्त, नंतर महिनोन्महिने ठणकणारी नस त्रास देते ती टाळायची म्हणून घाई. मंत्रवाल्याकडे आठवडा घालवणारे इथेच हुकतात हो.

बरं हे सगळं कधी, तर रंगकाम सुरू झाल्यावर. हॉलमध्ये शिडी, ऑइलपेंटचा वास, सगळं सामान मधोमध आणि वडील उघड्या अंगाने बसलेले कारण कापड सहन होत नाही. पेंटर मुलाला कांजिण्या झाल्या नव्हत्या असं त्याच्या आईने फोनवर सांगितलं, म्हणजे फोडांतल्या पाण्याने त्याला कांजिण्या होऊ शकतात, मग त्याला सुट्टी. अर्धी भिंत पिस्ता अर्धी जुनी निळी, अजून तशीच आहे.

आरसीसीवाला
वरचं सगळं वाचलं. ओल आतून दिसते म्हणून लोक आतूनच केमिकल मारतात, पाणी येतं बाहेरून. आधी वाट शोधा. बाथरूमचा संशय असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी जायचं भोक) बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवा, खालच्या छतावर डाग वाढला तर तिथूनच, नाहीतर पाइप किंवा बाहेरची भिंत बघा. गच्चीवर जुन्या कोब्यावर दुसरा कोबा टाकू नका, स्लॅबवर वजन वाढतं आणि पाणी दोन थरांच्या मध्ये अडकून बसतं. छताचं प्लास्टर पडून आतली सळई लाल दिसत असेल तर नुसतं प्लास्टर थापू नका, गंजलेली सळई फुगते आणि नवीन प्लास्टरही ढकलते. आणि ३० वर्षं झालेल्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय निघाला की लोक चहा प्यायला उठतात.

गोदाकाठची
आरसीसीवाले दादा, नियम काय होता? आधी स्वतःचं.

आरसीसीवाला
बरं. कंबर, एलफोर एलफाइव्ह मणक्यांमध्ये. सिंहस्थाची कामं चालू, रस्ते उकरलेले, दुचाकीवरून साइट ते साइट. पाय मुंग्यांनी भरतो. लोकांच्या बिल्डिंगचे ऑडिट करतो आणि माझा एमआरआय बायकोने ढकलून करून आणला. झालं समाधान?

मुक्काम_पुणे
आई बाबा नाशिकरोडला, मी पुण्यात, त्यामुळे आमच्याकडचं सगळं फोनवर निघतं. बाबा सकाळी कुशीवर वळले आणि खोली फिरली. आईने घाबरून मला फोन, मी घाबरून शेजारच्या काकांना फोन, काका रिक्षा घेऊन आले. मेंदूचं काही असेल म्हणून पोटात गोळा, तर निघालं कानाचं. कानाच्या आत बारीक कॅल्शियमचे कण असतात ते जागेवरून सुटून नळीत जातात आणि डोकं हललं की फिरल्यासारखं होतं. ईएनटी डॉक्टरांनी टेबलावर झोपवून मान वळवून एक कवायत करून घेतली, काही मिनिटांची, आणि बाबा म्हणाले एवढंच? त्यांना औषधाची मोठी पिशवी अपेक्षित होती. मात्र हे पुन्हा होऊ शकतं असं सांगितलंय, बोलताना जीभ जड, एका बाजूची ताकद गेली असलं काही असेल तर ते कान नव्हे, थेट मोठं हॉस्पिटल.

मग मी बाथरूमला धरायचे बार बसवायचं काढलं आणि खरं युद्ध इथे. बाबा: मी काय म्हातारा झालोय का, हॉस्पिटलसारखं दिसेल. आई गप्प, म्हणजे तिलाही हवे होते. व्हिडिओ कॉलवर प्लंबरला दाखवत होतो, दादा कमोडच्या बाजूला इथे, शॉवरजवळ तिथे, आणि बाबा मागून त्याला सांगतायत, त्याला दाखव हो म्हणून आणि बसवू नको. प्लंबर हुशार निघाला, त्याने टाइलवर ठोकून बघितलं, एका ठिकाणी पोकळ आवाज आला तर तिथे नको म्हणाला, भार आल्यावर बार टाइलसकट निघून हातात येईल, पक्की वीट धरून अँकर मारले. सक्शनवाले चिकटवायचे बार घेणार होतो ते त्याने घेऊ दिले नाहीत. शेवटी बाबा तयार कसे झाले तर आईने सांगितलं हे माझ्या गुडघ्यांसाठी आहेत. आता बाबा तिच्या बारवर टॉवेल वाळत घालतात.

रविवार कारंजा
आमचं तर घरच पेशंट. वाडा, पणजोबांच्या वेळचा, वर माळवद म्हणजे मातीचं धाबं, खाली कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत. नदीला पाणी आलं की गावात पहिला प्रश्न दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीतली मूर्ती, पूर तिच्यावरून मोजतात) कुठपर्यंत आलं, आणि आमच्या घरी दुसरा प्रश्न, मागची भिंत कशी आहे. पांढऱ्या मातीची भिंत पाणी पीत राहते आणि पाऊस असताना उभी असते, ऊन पडल्यावर वाळताना फुटते आणि सरकते, म्हणून आम्ही उघडीप झाली की जास्त जागे राहतो. धोकादायक वाड्याची नोटीस दर पावसाळ्यात येते. मालक म्हणतो भाडं किती देता ते बघा आणि मग दुरुस्ती मागा, आणि खरं सांगायचं तर त्याचंही अगदीच चूक नाही, पण आम्ही सोडून गेलो की हक्क गेला ही भीती, म्हणून कोणीच काही करत नाही आणि तुळईला वाळवी लागत राहते.

आईचा दमा यात वाढला. मधल्या खोलीत काळी बुरशी, रंगाखालून पुन्हा पुन्हा येते, पावसाळ्यात तिचा दम्याचा पंप बंदच होत नाही. डॉक्टर म्हणाले औषध वाढवत राहण्यापेक्षा झोपायची खोली बदला. तिला रस्त्याच्या बाजूला आणलं, तिकडे ऊन येतं. धूळ आणि हॉर्न आहेत पण रात्रीचा खोकला बराच कमी झालाय. तिला मात्र ती खोली आवडत नाही, देवघर लांब पडतं म्हणते. सुतार बघितला, तुळईखाली लोखंडी टेकू लावून देतो म्हणाला, खर्च आम्ही आणि वरचे भाडेकरू मिळून करतोय, मालकाला फक्त कळवलं. आरसीसीवाले साहेब, टेकूचा पाया नुसत्या फरशीवर चालेल का खणून काँक्रीट घालावं लागेल?

आरसीसीवाला
फरशीवर अजिबात नको. फरशी काढून खाली काँक्रीटचा पाया, त्यावर लोखंडी प्लेट. आणि तुळई वर उचलायला जाऊ नका, आहे त्या जागी फक्त आधार द्या, एवढ्या वर्षांची बसलेली तुळई उचलली तर वरची भिंत तडकेल. रविवारी येऊन बघतो. जिना किती अरुंद आहे? कंबरेमुळे विचारतोय.

रविवार कारंजा
अरुंद आहे, पण धरायला दोर आहे. या.

कॉलेजरोडची सून
सिडकोवाले दादा, खिडक्यांना जाळी बसवली ती सरकती का वेल्क्रोची, आणि स्क्वेअर फूटला काय भाव पडला? आमचा माणूस माप घेऊन गेलाय तो फोनच उचलत नाही.

जुना सिडकोवाला
सरकती, ॲल्युमिनियमची. वेल्क्रोची घेऊ नका, पावसात सुटते. भाव बायकोला माहीत, संध्याकाळी विचारून सांगतो.